जोडवी

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सकाळी सगळ्यात आधी गुडघे येतात, कोपऱ्यावरच्या पोह्यांना गर्दी असते तेव्हाच. ‘गॅप कमी झालीय’, ‘ग्रीस संपलंय’, ‘गादी घासली’. तक्रार ठरलेली आणि पिशवीत गुडघ्याचा एक्स-रेही ठरलेला.

या काकू 68 वर्षांच्या, नारायण बागेतल्या. उजवा गुडघा दीड वर्ष दुखत होता. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, गुडघ्यात इंजेक्शन झालं, मग माझ्याकडे आल्या. मी तीन आठवडे शेक दिला, मांडीचे व्यायाम करवून घेतले. गुडघ्याच्या झिजेत या व्यायामांवर माझा फार भरवसा आहे. पण इथे फरक शून्य. वर मीच त्यांच्यावर चिडले, “काकू, तुम्ही घरी करत नाही.”

“करते गं बेटा, देवाशपथ करते.” (इंदूरच्या मराठीत सगळे ‘बेटा’च असतात, मुलगीसुद्धा.)

त्या मंगळवारी काका सोबत आले होते. आत येताच ते खाली बसले आणि काकूंच्या सँडलचा पट्टा सोडवू लागले. मी म्हटलं, “काकू, मजा आहे तुमची!” त्या लाजल्या. “काय करू, उजव्या पायापर्यंत हातच पोचत नाही. परवा जोडवं निसटलं तेही यांनीच घातलं. नखंसुद्धा हेच कापतात.”

शेकाच्या मशीनकडे गेलेला माझा हात थांबला. गुडघा तर त्यांचा पूर्ण वाकत होता. सूज मला एकदाही दिसली नव्हती. मग हात अडत होता कुठे? रिक्षात चढताना पाय उचलत नाही, हे त्या पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या. मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

त्यांना उताणं झोपवलं. पाय खुब्यात आणि गुडघ्यात काटकोनात वाकवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. असं केलं की मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत आतल्या बाजूला फिरतं. डावा पाय सहज गेला. उजवा दोन बोटंही हलेना.

“आई गं! हेच, हेच ते दुखणं!” काकू ओरडल्या आणि हात ठेवला तो गुडघ्यावर. मी तर गुडघ्याला काहीच केलं नव्हतं.

दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या काही नसा खुब्याला आणि गुडघ्याला सामाईक आहेत. मांडीच्या आतून जाणारी ऑब्ट्युरेटर नस दोन्हीकडे फांद्या देते, त्यामुळे झिजतो खुबा आणि बोंब मारतो गुडघा. कॉलेजात हे पाठ केलं होतं मी, परीक्षेतही लिहिलं होतं.

काकांना पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि विचारलं, “जांघेत दुखतं का हो?”

“दुखतं की. पण ते कसं सांगायचं कुणाला?”

आणि विचारलं तरी कुणी होतं? आपल्याकडे गुडघ्याच्या मानाने खुब्याची झीज कमी दिसते, म्हणून नजर तिकडे जात नाही. त्यात गुडघ्याच्या एक्स-रेत हाडाला टोकं दिसत होतीच. या वयात ती कितीतरी न दुखणाऱ्या गुडघ्यांतही दिसतात. खुब्यांचा एक्स-रे काढला, तर उजव्या खुब्यातली फट जवळजवळ मिटलेली.

मग सगळंच बदललं. गुडघ्यावर चोळायचं मलम बंद केलं. खुबा इतका खोल असतो की ते तिथवर पोचत नाही. व्यायाम कुल्ल्याच्या स्नायूंचे सुरू केले, बसायला उंच खुर्ची सांगितली. आणि काठी. काकूंच्या सासऱ्यांची चांदीच्या मुठीची काठी माळ्यावर होती, ती मनगटाच्या रेषेइतकी कापून घेतली आणि डाव्या हातात दिली.

“दुखतं उजवीकडे आणि काठी डावीकडे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

उजव्या पायावर उभं राहताना त्या बाजूच्या स्नायूंना सगळं शरीर तोलावं लागतं. डावा हात काठीवर रेटला की ते ओझं हलकं होतं. एवढं समजावण्यापेक्षा मी त्यांना व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या, एक काठी उजव्या हातात धरून, एक डाव्या. परतल्या त्या काही न बोलता, काठी डावीकडेच ठेवून.

सर्जननी सांधा बदलायचा पर्याय सांगितलाय. काकूंनी नातीच्या लग्नाचं कारण पुढे केलंय. तोवर दुखणं निम्म्यावर आलंय, असं त्या म्हणतात. न वाकता बूट चढवायला मी दिलेला लांब दांड्याचा शूहॉर्न मात्र कोपऱ्यात पडून आहे.

“हे आहेत ना,” काकू म्हणाल्या.