आमची वाटचाल : पत्रा ओढायचा, पण किती वेगाने?

भोसरीतल्या गाळ्यात आमची लॅब सुरू झाली ती एका सेकंडहँड यूटीएमवर, म्हणजे धातू ओढून तोडणाऱ्या चाचणी-मशीनवर. प्रेसशॉपवाले पत्र्याचे तुकडे आणून टाकायचे. आम्ही पट्ट्या कापून, ओढून, तोडून यील्ड (पत्रा कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण), टेन्साइल (सोसलेला सर्वाधिक ताण), इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबवाढ) लिहून द्यायचो. मार्चअखेरीला तर पीसचा ढीग लागायचा.

अशाच एका मार्चमध्ये रिपोर्ट परत आला. साधा मऊ पत्रा, पण मिलच्या सर्टिफिकेटपेक्षा आमचं यील्ड बारा मेगापास्कलने जास्त. बळ मोजणारा लोडसेल तपासून घेतला, ठणठणीत निघाला. मग मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. पट्टी ओढणाऱ्या क्रॉसहेडचा वेग मिनिटाला ५० मिमी!

"दादा, दिवसात चाळीस पीस काढायचे तर दुसरं काय करणार?" ऑपरेटर म्हणाला. त्याला काय बोलणार? आमच्या फॉर्मवर वेगाचा रकानाच नव्हता.

१२० मिमी समांतर लांबीच्या (मधला एकसारख्या रुंदीचा भाग) पट्टीला सेकंदाला ०.०००२५ हा स्ट्रेन रेट (दर सेकंदाला मूळ लांबीच्या किती पट ताणायचं तो दर) हवा, तर वेग येतो मिनिटाला १.८ मिमी. आम्ही जवळजवळ अठ्ठावीस पट घाई करत होतो. पोलादातली डिसलोकेशन्स (अणूंच्या रांगांमधले सरकणारे दोष) अडथळा ओलांडताना अणूंच्या उष्ण थरथरीची मदत घेतात. घाईत ती मदत मिळायला वेळच उरत नाही, मग ताण वाढवावा लागतो. मऊ पत्र्याला हे फार जाणवतं. वेगाबरोबर यील्ड किती वाढतं ते सांगणाऱ्या काउपर-सायमंड्सच्या सूत्रात मऊ पोलादाचे नेहमीचे ४०.४ आणि ५ हे आकडे घातले, की सेकंदाला ४० च्या आसपासच्या स्ट्रेन रेटला यील्ड थेट दुप्पट येतं. ड्युअल फेज (मऊ-कडक मिश्र रचनेच्या, जास्त ताकदीच्या) पत्र्यात ही वाढ टक्केवारीने बरीच कमी असते.

गाडीच्या धडकेत स्ट्रेन रेट शेकड्यांत जातो. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना क्रॅश टेस्ट सक्तीची झाली, त्यानंतर कॉम्प्युटरवर धडक आजमावणारे सिम्युलेशनवाले विचारू लागले, "१०० पर सेकंदचा ताण-लांबवाढीचा कर्व्ह द्याल का?" त्यासाठी लागणारं, झपाट्याने ओढणारं सर्व्होहायड्रॉलिक मशीन आमच्या आवाक्याबाहेरचं. पण पीस? तो तर आम्ही कापू शकतो!

२० मिमी गेज लांबीचा पीस १०० पर सेकंदने ओढायचा म्हणजे सेकंदाला दोन मीटर. तीस टक्के ताणायला तीन मिलिसेकंद. एवढ्यात नेहमीचा लोडसेल घंटेसारखा थरथरतो आणि कर्व्हवर नुसत्या लाटा उमटतात. म्हणून पीसच्याच रुंद टोकावर, जिथे पत्रा लवचीकच राहतो, तिथे स्ट्रेन गेज (ताणलं गेलेलं मोजणारी पातळ पट्टी) चिकटवून बळ मोजतात. काठाला बर (कापताना उरलेली खरखरीत धार) राहिली तर पीस अवेळी फाटतो. वायरकटने, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी, कापल्यानंतरही आम्ही कडा हाताने घासतो.

आज आमचं निम्मं काम हेच आहे. गेज चिकटवतो तो तोच ऑपरेटर. एका पीसला पाऊण तास लावतो. कोणी आलं-गेलं तरी मान वर करत नाही.