आमची नाईलची बोट, आणि इतरांची

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी केबिनचा पडदा बाजूला सारला, तर समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, एक गृहस्थ कमरेला टॉवेल गुंडाळून दात घासत उभे होते. त्यांनीही मला पाहिलं. दोघांनी एकदमच पडदे ओढले.

‘नाईल व्ह्यू’ खोलीसाठी आम्ही माणशी जादा पैसे मोजले होते.

झालं होतं असं की इजिप्तमधल्या लक्सरच्या धक्क्यावर जागा कमी आणि जहाजं फार. त्यामुळे ती एकामागे एक नाही, तर एकाला एक खेटून उभी करतात. काठाला पहिलं, त्याच्या कुशीला दुसरं, मग तिसरं. आमचं तिसरं होतं आणि रात्रीत चौथं येऊन चिकटलं होतं. म्हणजे उजवीकडची खोली घ्या नाहीतर डावीकडची, दिसणार शेजारीच. जमिनीवर जायचं तर दोन परक्या जहाजांच्या रिसेप्शनमधून, त्यांच्या सोफ्यांवर बसलेल्या लोकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत जायचं. लग्नाच्या हॉलमध्ये चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारखं वाटतं.

टूर मॅनेजरला विचारलं, तर तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “मॅडम, जहाज चालू असताना व्ह्यू आहेच.” त्याचं खोटं नव्हतं. पण मी वहीत मांडून पाहिलं. लक्सर ते आस्वान या आमच्या मार्गाचं अंतर दोनशे किलोमीटरहून थोडंच अधिक. आमच्या चार रात्रींच्या मुक्कामात जहाज प्रत्यक्ष चाललं ते जेमतेम वीस तास, त्यातलेही काही रात्रीचे. बाकी वेळ ते धक्क्याला बांधलेलं हॉटेल. हे मला निघण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे आधी सांगते.

वही कशाला, तर नणंदेमुळे. ती पुढच्या जानेवारीत जाणार आणि तिने मला बजावलं होतं, “वहिनी, ‘मस्त होतं’ असं सांगू नकोस. मस्त सगळेच सांगतात. कोणती खोली, किती पायऱ्या, काय खाल्लं, ते सांग.” तिचं बरोबर होतं. निघण्यापूर्वी मीही पाच-सहा जणांना विचारलं होतं. एक म्हणाला स्वर्ग, दुसरी म्हणाली पैसे वाया. दोघंही एकाच कंपनीबरोबर, एकाच मार्गाने गेलेले. तेव्हा मला कळलं नाही की हे कसं. बोटीवर दोन दिवस राहिल्यावर कळलं.

आमचं जहाज लहान. चौसष्ट खोल्या, खोल्यांचे तीन मजले, वर उघडा डेक आणि त्यावर पोहण्याचा तलाव, म्हणजे मोठा हौदच. लिफ्ट नाही. इतक्या लहान जागेत शंभरेक माणसं चार दिवस राहतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोण कुठलं, कोणाची शुगर किती, सगळं माहीत होतं. मी रोज चहाच्या वेळी डेकवर एकेकाला गाठून विचारायची. नवरा म्हणाला, “जनगणना चालू आहे का?”

सांगलीच्या तिघी निवृत्त शिक्षिका सगळ्यांत खालच्या मजल्यावर होत्या. सगळ्यांत स्वस्त खोली. जाहिरातीत त्या मजल्याचा फोटोसुद्धा नसतो. खिडकी उघडत नव्हती, इंजिनाची घरघर पायांत जाणवायची. पण खिडकीच्या खालच्या कडेपासून पाणी वीतभर. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा जहाज चाललं होतं आणि बगळा अगदी डोळ्यांच्या पातळीवर, लव्हाळ्यात एका पायावर उभा होता. म्हैस पाण्यात बसलेली, तिच्या पाठीवरचे केस दिसत होते. “आम्ही डेकवर जातच नाही,” त्यातली एक म्हणाली, “वरून नदी नकाशासारखी दिसते.” संपूर्ण जहाजावर सगळ्यांत खूश या तिघी. पाचशे वेळा जिना चढायची त्यांची तयारी होती, हेही खरं.

सर्वांत वरच्या मजल्यावर पुण्याचं नवं जोडपं. सगळ्यांत महाग खोली, मोठी काच. त्यांचं छत म्हणजे डेकची जमीन. पहाटे पाचला पोरं आरामखुर्च्या मांडायला लागली की डोक्यावर फर्रर्र, फर्रर्र. आणि गलाबिया नाइटला, म्हणजे सगळ्यांनी तिथले पायघोळ झगे घालून नाचायचं असतं त्या रात्री, वर शंभर पावलं. त्यांच्यातला मुलगा हसून म्हणाला, “काकू, आम्हाला व्ह्यू आहे, झोप नाही.”

नाशिकचे डॉक्टर पूर्वी सिंगापूरहून समुद्रातल्या मोठ्या जहाजावर गेलेले. तिथे हजारो माणसं, नाटकगृह, दुकानं, रात्री दोनपर्यंत जेवण. त्यांचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, “दुपारी चारनंतर इथे करायचं काय?” वाय-फाय रिसेप्शनच्या खांबाजवळच चालायचं, तिथे ते उभे असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना करायला काम मिळालं. सगळ्यांना ‘कच्चं सॅलड खाऊ नका, नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरू नका’ असं सांगणारे हेच डॉक्टर, आणि एदफूच्या देवळाच्या दिवशी त्यांनीच खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. काकडी खाल्ली होती म्हणे.

ते देऊळ चुकायला नको होतं. एदफूचं होरस या ससाणादेवाचं देऊळ टॉलेमी राजांच्या काळातलं, इसवीसनपूर्व २३७ मध्ये बांधायला घेतलं आणि इसवीसनपूर्व ५७ मध्ये पुरं झालं. आपल्याकडे पूल रखडतात त्याची मला उगाच आठवण झाली. जहाजापासून देवळापर्यंत घोडागाडीने नेतात. घोडे हाडकुळे, चाबूक सारखा हवेत. सांगलीची एक शिक्षिका चढेना. “मी नाही बसणार.” गाइडने कुरकुरत तिच्यासाठी टुकटुक, म्हणजे रिक्षा, बोलावली, आणि मग आम्ही आठ जण त्याच रांगेत उभे राहिलो. तेव्हा नणंदेसाठी वहीत लिहिलं: आधीच सांग, टुकटुक मिळते.

आता सासूबाई. त्या अठ्ठ्याहत्तरच्या, माहेर देवगडचं. त्यांना न्यावं की नाही यावर घरात महिनाभर खल झाला होता. सगळ्यांची काळजी एकच, आईंना बोट लागेल का? त्या मात्र शांत. “मी लग्नानंतर पाच वर्षं मुंबईहून बोटीनेच जात होते. भाऊच्या धक्क्यावरून. डेकवर वळकटी टाकायची, शेजारी कोंबड्या. तेव्हा लागली नाही.” नाईलवर तर पोटातलं पाणी हलत नाही. ही नदीच, आणि जहाजांचे तळ सपाट. जेवताना ग्लासातलं पाणी थरथरलं की कळायचं, निघालो.

त्यांना त्रास झाला तो पायऱ्यांचा. काठावरून धक्क्याच्या पायऱ्या, मग फळी, मग प्रत्येक जहाजाच्या उंबऱ्यावरून पाय उचलून पुढच्यात. मी एकदा मोजल्या. खोलीपासून रस्त्यापर्यंत एकूण ब्याऐंशी. म्हणून मी पहिल्याच दुपारी रिसेप्शनवर जाऊन खोली बदलून मागितली. टूर मॅनेजर आधी नाहीच म्हणाला. पण सामान अजून वर गेलेलं नव्हतं आणि रिसेप्शनच्याच मजल्यावरची एक खोली रिकामी होती. रिसेप्शनवरच्या माणसाने सासूबाईंकडे पाहिलं, “मामा?” असं मला विचारलं आणि किल्ली काढून दिली. इजिप्तमध्ये आईला मामा म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं. आई त्या दिवशीपासून सगळ्या जहाजाच्या मामा झाल्या.

इस्नाचा प्रसंग त्यांच्यामुळेच लक्षात राहिला. तिथे बांध आहे आणि जहाजांना लॉकमधून वर चढावं लागतं. दोन जहाजं एका लांबट हौदात उभी करतात, मागचं दार बंद, मग पाणी सोडतात आणि ओली काळी भिंत आपल्या खिडकीतून हळूहळू खाली सरकत जाते. पण त्याआधी रांगेत थांबलेल्या जहाजांभोवती फेरीवाल्यांच्या होड्या जमतात. एक उभा राहतो, एक वल्हवतो आणि खालून टेबलक्लॉथ, शाली, झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट डेकवर फेकतात. चार मजले वर! नेम पक्का. “इंडिया! अमिताभ बच्चन!” अशा आरोळ्या. पसंत नसेल तर पिशवी परत खाली टाकायची, पसंत असेल तर त्याच पिशवीत पैसे. एक पिशवी आईंच्या मांडीवरच पडली. त्यांनी शाल काढली, उलटी करून टाके पाहिले, कठड्याशी गेल्या आणि चक्क मालवणीत सौदा सुरू केला. तो बोटं दाखवतोय चार, या दाखवतायत दीड. अर्धं बोट कसं दाखवायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. शेवटी दोनशे इजिप्शियन पौंडांना शाल मिळाली. डॉक्टरांनी तसलीच साडेतीनशेला घेतली होती. त्यांना आम्ही सांगितलं नाही.

जेवणाबद्दल तक्रारी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत उगाच. भारतीय म्हणून जे ठेवतात ते पिवळ्या रंगाचं काहीतरी असतं, त्याच्या नादी लागू नये. ‘फूल’ नावाची शिजवलेली बाकल्याची उसळ सकाळीच असते. वरून लिंबू, जिरं, तेल. आपल्या पावट्याचीच जात. कोशरी म्हणजे भात, मसूर, मकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट-तिखट. आईंनी त्यात मेतकूट घातलं आणि म्हणाल्या, “आता जमलं.” स्वागताला देतात ते लाल सरबत, कर्कदे, ते म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं. सांगलीकरांनी लगेच ओळखलं. पाण्याची बाटली मात्र जेवणात धरलेली नसते. शेवटच्या दिवशी बिल हातात पडलं की लोक भांडतात.

कोम ओंबोला संध्याकाळी पोहोचलो. सोबेक या मगरदेवाचं देऊळ, शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी. गाइडने सांगितलं की मगरी आता धरणाच्या अलीकडे नाहीत, १९७० मध्ये पुरं झालेल्या आस्वानच्या उंच धरणाच्या मागे, नासर सरोवरात आहेत. आमच्या पुण्याच्या मुलाने त्यानंतरच तलावात, म्हणजे डेकवरच्या, पोहायला सुरुवात केली.

तिथेच एक मराठी बाई भेटल्या, बरीच वर्षं जर्मनीत राहणाऱ्या. त्या दहाबियातून आल्या होत्या. दहाबिया म्हणजे दोन शिडांची लांबट जुन्या घाटाची नाव. खोल्या आठच, वारा नसला की छोटी टग बोट ओढते. त्यांचा प्रवास इस्नापासूनच सुरू झाला होता, त्यामुळे लॉकची रांग नाही. धक्क्याची गर्दी नाही. रात्री कुठल्याशा बेटाला दोर बांधून थांबायचं, जनरेटर बंद, कुत्री भुंकतात तेवढाच आवाज. मला हेवा वाटला. मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. गरम पाणी दुसऱ्याने आंघोळ केली की संपतं. आठ खोल्यांतलं एक जोडपं भांडखोर निघालं तर पाच दिवस तेच भांडण ऐकायचं, पळायला जागा नाही. आणि किंमत आमच्या जवळजवळ दुप्पट. “तुमच्याकडे कंटाळा आला तर शंभर माणसं आहेत,” त्या म्हणाल्या. आमच्या डॉक्टरांची त्यांच्याशी गाठ घालून द्यायला हवी होती.

आस्वानला पहाटे चारला अबू सिंबेलच्या देवळाची बस. नुसतं जायचंच पावणेतीनशे किलोमीटरच्या वर वाळवंट, हातात नाश्त्याचा पुठ्ठ्याचा डबा. सरोवरात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते देऊळ कापून, वर आणून पुन्हा जोडलं. त्यापुढे उभं राहिल्यावर झोपेचं दुःख राहिलं नाही. आई आल्या नाहीत. आम्ही परतलो तेव्हा त्या रिकाम्या डेकवर एकट्या होत्या, शेजारी वेटरने आणून ठेवलेला चहा, समोर पांढऱ्या शिडांच्या होड्या, फेलुका. “आजचा दिवस सगळ्यांत चांगला गेला,” म्हणाल्या. मी ते तसंच वहीत उतरवलं.

दुसऱ्या दिवशी फिलेचं देऊळ. तेही असंच हलवलेलं, आता अगिल्किया बेटावर आहे, त्यामुळे छोट्या मोटरबोटीतून जावं लागतं. धक्क्यावर झुंबड, इतर बोटींच्या लाटांनी आमची होडी वरखाली. पुण्याची मुलगी दोनदा मागे सरली. होडीवाल्याने आईंपुढे हात केला. त्यांनी तो धरला नाही. नऊवारी नव्हती, सहावारीच होती, तरी निऱ्या अगदी सवयीने उचलल्या, खाली पाहत थांबल्या, होडी वर आली तसा पाय टाकला आणि जाऊन बसल्या. देवगडला बोट खोल पाण्यात थांबायची आणि किनाऱ्यापर्यंत पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उतरावं लागायचं, ते पन्नास-साठ वर्षांनी पायांना आठवलं.

परतल्यावर नणंदेचा फोन आला. मी वही उघडून अर्धा तास वाचलं: आस्वानकडे जाताना उजव्या हाताची खोली घे, मावळता सूर्य त्या बाजूला, वरचा मजला नको, गुडघे बरे असतील तर खालचा, खोली बदलायची तर सामान वर जायच्या आत, पासपोर्ट रिसेप्शनवर ठेवून घेतात, प्रत जवळ ठेव, पडदा हळू उघड. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “ते ठीक आहे गं वहिनी, पण बोट कशी होती?”

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “चहा पाणचट आहे. बाकी बरी. पडाव एकदाच लागतो.”