काढून टाकलेला रिलीव्हर घ्यावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर उन्हाळ्यात, जूनच्या सुमाराला, हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचतोच. पुण्याचा भाचा सकाळी हायलाइट्स बघून मेसेज टाकतो, "मावशी, त्या अमक्याला काढलं. आपल्या नॅशनल्सनी उचलायचा का?" इथे मेरीलँडमध्ये मंडळाच्या सहलीत कणसं भाजताना कुणी ना कुणी तोच विषय काढतं. वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल टीमचे सामने मी इतकी वर्षं बघते आहे की लोकांना वाटतं, माझ्याकडे याचं तयार उत्तर असणार.

उत्तर आहे. घ्यावा, पण दोन गोष्टी जुळत असतील तरच. एक म्हणजे तो किमान पगारात मिळत असला पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: त्याच्यात नेमकं काय बदलायचं, हे आपल्या पिचिंग कोचला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "बिचारा चांगला होता, परत चांगला होईल" हे ते वाक्य नव्हे.

बेसबॉल फारसा न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. सामना नऊ इनिंग्जचा. तो सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाचसहा इनिंग्ज टाकतो. मग मैदानाच्या कडेला, बुलपेनमध्ये, तयार बसलेले रिलीव्हर एकेक करून येतात. शेवटच्या षटकांत बोलावलेल्या गोलंदाजासारखं त्यांचं असतं. काम थोडं, पण चूक झाली तर सामना तिथेच जातो. त्यांचं मोजमाप ईआरएने होतं, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्यांच्या खात्यावर किती रन पडले. तीनच्या आत असला तर उत्तम, पाचच्या वर गेला की धडधड सुरू होते.

खेळाडूला काढणं हेही एका झटक्यात होत नाही. आधी त्याचं नाव चाळीस जणांच्या यादीतून उतरवतात. मग क्लबकडे सात दिवस असतात. तेवढ्यात त्याला कुणाला तरी द्यायचं, नाहीतर वेव्हरवर ठेवायचं, म्हणजे बाकीच्या 29 टीम्सना "हवा असेल तर घ्या" म्हणायचं. वेव्हरवर उचलला तर त्याचा करारही आपल्या गळ्यात येतो. कुणीच उचलला नाही आणि तो मोकळा झाला, तर उरलेला पगार जुनी टीमच भरत राहते. नवी टीम फक्त लीगचा किमान पगार देते, तोही उरलेल्या दिवसांपुरता. 2019 साली तो वर्षाला 5,55,000 डॉलर होता, 2023 मध्ये 7,20,000. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या लीगच्या, हिशेबात ही रक्कम नगण्य आहे. म्हणून शहाणे क्लब दोन दिवस थांबतात आणि माणूस मोकळा झाल्यावर फोन करतात.

माझं मत पक्कं झालं ते 2019 च्या जूनमध्ये. त्या एका महिन्यात आमच्याच टीमने एका रिलीव्हरला काढलं आणि दुसऱ्या टीमने काढलेल्या एकाला घेतलं.

काढलेला होता ट्रेव्हर रोझेंथल. सेंट लुईसचा हा एकेकाळचा जबरदस्त क्लोझर, म्हणजे सामना संपवायला येणारा रिलीव्हर. 2015 मध्ये त्याच्या नावावर 48 सेव्ह होते, म्हणजे 48 वेळा त्याने शेवटी येऊन आघाडी टिकवली होती. 2017 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि 2018 चं अख्खं वर्ष गेलं. नॅशनल्सनी लाखो डॉलर मोजून त्याला आणलं. पहिल्या चार सामन्यांत त्याला एकही बॅटर बाद करता आला नाही. एकही नाही! त्याचा ईआरए काढताच येत नव्हता, कारण शून्य इनिंग्जने भागायचं कसं? फलकावर अनंताची खूण. वेग अजूनही ताशी 97-98 मैलांचा, पण चेंडू कुठे जाणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. नेव्ही यार्ड स्टेशनवरून स्टेडियमकडे चालत जाणाऱ्या गर्दीत त्याचं नाव निघालं की लोक मान हलवायचे. मला मात्र त्याच्याकडे बघवत नसे. माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, एकटा उभा असलेला माणूस आणि हाताचं न ऐकणारं शरीर, याहून कठीण दृश्य या खेळात मी पाहिलेलं नाही. जूनच्या उत्तरार्धात त्याला मोकळं केलं. तोवर 6⅓ इनिंग्ज, ईआरए 22.74.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला आलेला होता फर्नांडो रॉडनी. डॉमिनिकन, टोपी कायम डावीकडे कललेली, सामना संपवला की आकाशात काल्पनिक बाण सोडणारा. वय 42, तेव्हा मेजर लीगमध्ये खेळत असलेला सर्वांत वयस्क खेळाडू. ओकलंडने मे महिन्यात त्याला काढलं, तेव्हा ईआरए 9.42. नॅशनल्सनी त्याला मायनर लीगचा, म्हणजे खालच्या लीगचा, करार दिला आणि थोड्याच दिवसांत वर बोलावलं. आमचा बुलपेन आमच्या गटात, नॅशनल लीगमध्ये, सर्वांत वाईट होता. 23 मेला टीम 19 विजय आणि 31 पराभवांवर होती. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा मला विचारलं होतं, की बेचाळिशीतला, नुकताच हाकललेला माणूस आणून काय होणार?

आता आकडे बघा. ओकलंडला रॉडनीने 14⅓ इनिंग्जमध्ये 15 रन दिले. वॉशिंग्टनला 33⅓ इनिंग्जमध्ये 15 रन, म्हणजे ईआरए 4.05. अद्भुत काही घडलं नाही. एक मध्यम दर्जाचा, भरवशाचा नसला तरी वापरता येण्याजोगा पिचर मिळाला, तोही जवळजवळ फुकट, आणि अशा वेळी की रोज कुणीतरी सातवी-आठवी इनिंग टाकायला हवंच होतं. काढलेला रिलीव्हर घेताना इतकीच अपेक्षा ठेवावी, असं मी सगळ्यांना सांगते. त्याच्याकडून जुनं वैभव मागू नका, तीस इनिंग्ज मागा.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, चौथ्या सामन्यात, 26 ऑक्टोबरला, आमच्याच मैदानावर सातव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅलेक्स ब्रेगमनने भरलेल्या बेसवर रॉडनीला ग्रँड स्लॅम, म्हणजे चार रनांचा फटका, मारला. तो सामना आम्ही 8-1 ने हरलो. हेही त्याच सौद्यात आलं. आणि चार दिवसांनी सातव्या सामन्यात मायकल ब्रँटलीला बाद करून विजेतेपदावर शिक्का मारणारा डॅनियल हडसन? त्याच वर्षी मार्चमध्ये एंजल्सनी त्याला सराव शिबिरातून मोकळं केलं होतं. काही दिवसांत टोरंटोने घेतला, आणि तिथून जुलैच्या शेवटच्या दिवशी तो आमच्याकडे आला. कोपरावर दोनदा मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस. मार्चमध्ये त्याला नको म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. सराव सामन्यांच्या चार इनिंग्जवरून कुणाला काय कळणार?

खरी अडचण इथेच आहे. रिलीव्हर अख्ख्या वर्षात साठ-सत्तर इनिंग्ज टाकतो. काढला जातो तेव्हा वीसेक झालेल्या असतात. तेवढ्यावरून माणूस संपला की फक्त नशीब फिरलं, हे ईआरए सांगत नाही. बॅटने मारलेल्या आणि मैदानात पडलेल्या दर दहा चेंडूंपैकी साधारण तीन हिट ठरतात, म्हणजे बॅटर बेसवर पोचतो. वीस इनिंग्जमध्ये यातले चारपाच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाताबाहेर वीतभर पडले, तर ईआरए तीनचा सहाही होऊ शकतो.

म्हणून मी आधी ईआरए बाजूला ठेवते आणि वेग बघते. मागच्या वर्षीपेक्षा दोन मैलांनी उतरला असेल तर सावध व्हायचं, कारण त्यामागे बहुतेकदा दुखणं असतं. मग बॅटर त्याच्या चेंडूंवर हुकताहेत का, ते बघते. हुकत असतील आणि तरी रन जात असतील, तर तिथे काहीतरी शिल्लक आहे. वॉकची गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट बेस देणं ही सवय दुरुस्त होते, पण मोसमाच्या मध्यात, रोज सामना असताना, फार क्वचित.

रायन ब्रेजर माझं आवडतं उदाहरण आहे. 2023 च्या मेमध्ये बॉस्टनने त्याला काढलं: 21 इनिंग्ज, 17 रन, ईआरए 7.29, वय 35. जूनमध्ये डॉजर्सनी मायनर लीगच्या करारावर घेतला आणि त्याच्या भात्यात कटर घातला. फास्टबॉलसारखाच दिसणारा, पण शेवटी किंचित आडवा सरकणारा चेंडू. त्यानंतर त्याने 38⅔ इनिंग्जमध्ये फक्त 3 रन दिले. ईआरए 0.70. पुढच्या वर्षी त्याच क्लबने त्याला दोन वर्षांचे 90 लाख डॉलर दिले. डॉजर्सनी दयेपोटी त्याला घेतलं नव्हतं. "याला अजून एक चेंडू हवा, आणि तो आपण शिकवू शकतो" हे त्यांना सांगता येत होतं. मी म्हणते ते एक वाक्य हेच.

आणि जे वाक्य बाकी कुणाला सुचत नाही, ते कधी कधी जुन्या क्लबलाही सुचलेलं नसतं. लियम हेंड्रिक्सला ओकलंडने 2018 च्या जूनमध्ये यादीतून उतरवलं. 29 टीम्सनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुणीही घेतलं नाही. तो मायनर लीगमध्ये गेला, परत आला, 2019 मध्ये ऑलस्टार झाला, आणि 2021 च्या सुरुवातीला शिकागो व्हाइट सॉक्सनी त्याच्याशी 5 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. त्या जूनमध्ये तो वेव्हरवर सगळ्यांसमोर होता.

मग दरवेळी घ्यावाच, असं का म्हणू नये? कारण खर्च पैशाचा नसतोच. मेजर लीगच्या संघात 26 जागा असतात, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. त्यातले पाच सामना सुरू करणारे धरले तर बुलपेनला आठ उरतात. एक जागा जुन्या नावाला दिली की रॉचेस्टरला आमच्या मायनर टीममध्ये बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा तिथेच राहतो. त्याच्या वाट्याच्या वीस इनिंग्ज गेल्या, आणि तो मेजर लीगच्या बॅटरसमोर टिकतो का, हे आपल्याला आणखी एक वर्ष कळत नाही. क्लबच्या हिशेबात ही रक्कम कुठेच लिहिली जात नाही. मला ती सगळ्यांत महाग वाटते.

हरणाऱ्या, नव्याने उभ्या राहणाऱ्या टीमसाठी हिशेब थोडा निराळा. तिला आजचा सामना जिंकण्यापेक्षा उद्याचा माल हवा असतो. हंटर हार्वीला नॅशनल्सनी 2022 च्या मार्चमध्ये वेव्हरवरून उचललं. सारख्या दुखापतींमुळे तो बाल्टिमोरनंतर सॅन फ्रान्सिस्कोच्याही हातातून सुटला होता. त्याचा फास्टबॉल मात्र तेव्हाही जळजळीत होता. जुलै 2024 मध्ये त्याच्या बदल्यात कॅन्सस सिटीने आम्हाला एक तरुण थर्ड बेसमन आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतली, 39 वी निवड दिली. पण हार्वी वयाने तिशीच्या आत होता. सदतिशीतल्या माणसावर हा डाव मी लावणार नाही.

रोझेंथलचं पुढे काय झालं, हेही विचारलं जातं. डेट्रॉइटने त्याला घेतलं आणि ऑगस्टमध्ये काढलं. 2020 च्या मोसमासाठी कॅन्सस सिटीने मायनर लीगचा करार दिला. शस्त्रक्रियेला आता तीन वर्षं होत आली होती, आणि हात परत ऐकू लागला. मोसमाच्या मध्यात सॅन डिएगोला गेल्यावर तर नियमित मोसमात त्याने एकही रन दिला नाही. वर्षाचा ईआरए 1.90. मी त्या बातम्या किती आनंदाने वाचल्या, काय सांगू. मग ओकलंडने 2021 साठी त्याला 1 कोटी 10 लाख डॉलर दिले. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षी तो एकही चेंडू टाकू शकला नाही. मायनर लीगच्या करारावर घेणारी कॅन्सस सिटी बरोबर होती. सावरला म्हणून पूर्ण किंमत मोजणाऱ्या ओकलंडला तेवीस-चोवीस इनिंग्जच्या आकड्याने भुलवलं, जसं बाकीच्यांना वीस वाईट इनिंग्ज भुलवतात.

त्यामुळे यंदाचं नाव कुठलंही असो, माझं म्हणणं असं. मायनर लीगचा करार द्या. आधी दोन-तीन आठवडे रॉचेस्टरला ठेवा आणि जे बदलायचं ठरवलंय ते तिथे बदलतंय का बघा. वर आणलात तर नववी इनिंग देऊ नका. चार रनांनी पुढे किंवा मागे असताना सहावी द्या. आणि कधी सोडायचं, हे घेतानाच ठरवा. वॉक कमी झाले नाहीत तर जुलैअखेर निरोप द्यायचा, नाव कितीही मोठं असलं तरी. 2019 चा मोसम संपल्यावर नॅशनल्सनी रॉडनीला ठेवून घेतलं नाही. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. त्याला ठेवून न घेणं योग्यच होतं. जूनमध्ये त्याला घेणंही योग्य होतं, आणि तसा कुणी आज मोकळा असेल तर माझं उत्तर हो आहे.