पानं ओली झाली की सेन्सर गप्प

दिंडोरी तालुक्यातल्या काकांच्या द्राक्षबागेत मी ३० लोरावॅन सेन्सर बसवले, म्हणजे कमी बॅटरीत रेडिओवरून लांबवर छोटे निरोप पाठवणारे. पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी ठरते, तेवढं कळलं तरी पुरे होतं. त्यांचे निरोप झेलणारा गेटवे पाण्याच्या टाकीवर. विकणाऱ्याने सगळे सेन्सर एसएफ १२ वर लावून दिलेले, "रेंज जास्त मिळते" म्हणून. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तसा निरोप लांब पोचतो, पण सावकाश जातो. शिवाय दर २ मिनिटांनी रीडिंग आणि प्रत्येक रीडिंगची पोच.

निम्मी रीडिंग गायब! कागदावर हिशेब मांडला तेव्हा कळलं. आमचा १२ बाइटचा निरोप एसएफ १२ वर हवेत सुमारे दीड सेकंद राहतो, एसएफ ७ वर जेमतेम ६० मिलिसेकंद. चॅनेल तीनच, म्हणजे निरोप एकमेकांवर आदळणारच. त्यात गेटवे पोच पाठवत असतो तेवढा वेळ बहिरा. पोच मिळाली नाही की सेन्सर पुन्हा ओरडणार. मी पोच बंद केली, अंतर १५ मिनिटं केलं आणि एडीआर चालू केलं. म्हणजे सिग्नल बघून कुठला एसएफ ते सर्व्हरच ठरवतो. दोन दिवसांत बहुतेक सेन्सर ७-८ वर आले. मी खूश.

पण ही गोष्ट गोडी छाटणीनंतरची (फळासाठी करतात ती), उघड्या बागेची. दीड महिन्यात मांडव पानांनी भरला आणि पहाटेची रीडिंग जायला लागली. दुपारी सगळं ठीक. काका म्हणाले, "दव पडलं की तुझं यंत्र झोपतं. मला तर तेव्हाचंच पाहिजे."

ओली पानं सिग्नल जास्त खातात. सर्व्हर मागच्या २० निरोपांतला सगळ्यात चांगला सिग्नल धरतो, दुपारी तो चांगलाच असतो, आणि त्यावरून एसएफ ७ देऊन टाकतो. सेन्सर आपणहून एसएफ वाढवतो, पण ६४ निरोप उत्तराविना गेल्यावर आधी विचारणा, आणखी ३२ गेल्यावर हालचाल. १५ मिनिटांच्या हिशेबाने पुरते २४ तास. तोवर पानं कधीच सुकलेली.

एडीआरचं मार्जिन, म्हणजे सिग्नलमधला राखीव वाटा, १० वरून १५ डेसिबल केलं, थोडा फरक पडला. खरा फरक पाइपांनी पडला. अँटेनाची केबल लांबवली तर सिग्नल तिच्यातच मरतो, म्हणून अख्खा डबाच जीआय पाइपावर मांडवाच्या दोन फूट वर नेला. पाइप मांडवाच्या अँगलला बांधला आणि खाली पानांत फक्त सेन्सरची वायर सोडली. ३० पाइप, दोन दिवस, हाताला फोड.

नाल्याकडचे दोन सेन्सर अजून एसएफ १० वर आहेत. त्यांची बॅटरी आधी संपेल, संपली की बघू.