दोन बोटं माया

आषाढ वद्य त्रयोदशीला आमच्या घरी शिवणाच्या मशीनला कुणी पाय लावायचं नाही. आप्पा, माझे वडील, आदल्या रात्रीच मशीन पुसायचे, वादी उतरवून ठेवायचे आणि वर धुतलेला पंचा टाकायचे. संत नामदेव महाराजांची पुण्यतिथी. १३५० साली याच तिथीला महाराजांनी पंढरपुरात समाधी घेतली. आमच्या शिंपी समाजाच्या मंडळातल्या काहींनी दोन-तीनदा सुचवलं की कार्यक्रम जवळच्या रविवारी घेऊ, नोकरदारांना सोयीचं होईल. आप्पा एरवी सभेत तोंड उघडत नसत, पण यावर मात्र उठून उभे राहिले. "तिथी म्हणजे काय ट्रायलची तारीख आहे का, पुढं ढकलायला?" एवढंच बोलले आणि बसले. विषय तिथंच संपला.

यंदाही प्रतिमापूजन झालं, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचे आणि माजी अध्यक्षांचे सत्कार झाले. अहवालवाचन माझ्याकडे होतं, त्यामुळे ते लांबलं हे मीच कबूल करते.

कीर्तन मात्र मी सोडत नाही. आमचे बुवा कथेत दरवर्षी नामदेवांच्या नरसीहून निघतात, पंढरपूर करून पंजाबात घुमानला पोचतात. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे सांगतात, आणि आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावतो. मग ते पद येतं. मन हाच गज, म्हणजे मापायची पट्टी, जीभ हीच कात्री, आणि मापून मापून यमाचा फास कापत जायचं. आप्पा हयात असताना या वेळी स्वयंपाकाच्या बाजूला असायचे, आमटीच्या पातेल्यापाशी. गज-कात्रीचं पद सुरू झालं की हातात डाव तसाच घेऊन दारापर्यंत यायचे. पद संपलं की परत आत. बारा वाजता गुलाल उधळतात, फुलं पडतात, तेव्हासुद्धा ते बाहेर येत नसत. आमटी बुडाला लागेल म्हणायचे.

जेवणाआधी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव असतो, आणि माझं खरं लक्ष तिथं असतं. पोरं माईकसमोर येतात, पाठ केलेली चार वाक्यं म्हणतात, "आई-वडिलांच्या आशीर्वादाने" पाशी अडखळतात. दरवर्षी एक तरी पोर पाठांतर विसरतं आणि खरं बोलायला लागतं. यंदा एका मुलीने सांगितलं की तिचे वडील रात्री काज-बटणं करायचे आणि ती त्याच बल्बखाली अभ्यास करायची, बल्ब कुणाकडे ओढायचा यावर रोज भांडण व्हायचं. सगळे हसले. मला नाक पुसायला लागलं.

कारण त्याच माईकवर, दहावीच्या वर्षी, मीही चौथ्या वाक्याला अडकले होते. मग जे आठवलं ते बोलले. बाहत्तरच्या दुष्काळात आप्पा चौदा वर्षांचे होते. सरकारी कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची. पुढच्या वर्षी छोट्या रेल्वेने बार्शीला आले आणि एका दुकानात काज-बटणाला बसले. दोन वर्षं फक्त काजं आणि तुरपाई. मालक कात्रीला हात लावू देत नसत, म्हणून रात्री रद्दीच्या कागदावर कापून बघायचे. शर्टाची बाही कागदात जमली तेव्हा ती त्यांनी गादीखाली जपून ठेवली. पुढे भाड्याची उषा मशीन, एका किराणा दुकानाच्या ओट्यावर सहा फूट जागा. जूनमध्ये शाळांच्या खाकी चड्ड्या, दिवाळीत रात्र रात्र जागरण. त्या ओट्यावर आम्ही तिघी शिकलो. रेडिमेड आलं तेव्हा पाटी बदलली, 'पँटची उंची कमी करून मिळेल'. पाटी रंगवताना एक शब्द बोलले नाहीत.

आणि माया. शिवणीच्या आत कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. रीत बोटभराची, पण मुलांच्या कपड्यात आप्पा दोन बोटं ठेवायचे. कापड गिऱ्हाइकाचं, पोर वाढतं, उसवायला लागेल. माझा निळा फ्रॉक त्यांनी तीनदा उसवला. उसवलेल्या जागी आतलं कापड गडद निळं निघायचं आणि बाकी फ्रॉक धुऊन धुऊन आभाळासारखा झालेला. मला वर्गात त्या पट्ट्यांची लाज वाटायची. हेही मी माईकवर बोलले. आप्पा तेव्हा दारात होते की आमटीपाशी, ते मी कधी विचारलं नाही.

आता थोडं कडू. सह्यांच्या वहीत शंभरही नावं नाहीत, आणि ताटं उठली तीनशेच्या वर. ज्यांच्या फीसाठी या मंडळाने झोळी फिरवली, त्यातले काही मोटारीतून थेट पंगतीला उतरतात. आप्पा असते तर त्यांनाही आग्रहाने वाढलं असतं. मला तेवढं जमत नाही.

मदत करणाऱ्यांची नावं घेतली की एखादं राहतंच आणि वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आप्पांच्या मापाच्या वहीसारखं लिहिते. त्यात नावं नसतच. 'पोस्टमास्तर, डावा खांदा उतरता', 'दूधवाले, पोट धरून ३८', असं असायचं. तर: माईक लावणारा, पायात कायम एकच चप्पल सापडणारा मुलगा. पेटीवाले गुरुजी, ज्यांनी पाठदुखीत दोन तास मांडी मोडली नाही. गुलाल चाळून आणणारे, बाहीला रंग लागलेले काका. भांडी भाड्याने देऊन पैसे न घेणारे, उंच कॉलरवाले. पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या पाच जणी. त्यांतल्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत, तरी आमटी एकजीव झाली. पत्रिका वाटणारी सायकलवरची तिघं पोरं, तिघांच्याही पँटी आखूड झालेल्या. चपला सांभाळणारे आजोबा. पाण्याचा टँकर वेळेवर आणणारे, छाती ४४.

आणि हो, पताकांची तुरपाई करणाऱ्या काकू राहिल्याच. त्या पंगतीत दिसल्या नाहीत. त्यांचा डबा मी संध्याकाळी पोचवला, तेव्हा पुढच्या वर्षीचं भगवं कापड किती मीटर लागेल हे त्यांनी दारातच विचारलं.