तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारनं चित्रं विकत घ्यावीत का?

माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागलं की कोणीतरी हमखास गाठतं. "सर, राग मानू नका, पण शाळांचे पत्रे गळतायत आणि सरकारी इमारतीत लावायला चित्रं विकत घ्यायची, हे पटतं तुम्हाला?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, वर 'आणि स्थानिकांचीच का?' अशी पुस्ती जोडलीत. तर सांगतो.

पटतं. पैसे इमारतीच्या खर्चातूनच यावेत आणि निवड चित्र बघता येणाऱ्या माणसानं करावी, एवढ्या दोन अटींवर पटतं.

आधी पैशाचं बोलू. इमारतीच्या खर्चातला एक टक्का चित्रांना ठेवायचा म्हटलं, तर दहा कोटींच्या इमारतीत तो दहा लाख. एवढे पैसे लिफ्टसमोरच्या ग्रॅनाइटला आणि साहेबांच्या केबिनमधल्या फॉल्स सीलिंगला सहज जातात आणि कोणाला शाळेचे पत्रे आठवत नाहीत. बरं, भिंती मोकळ्या राहतात म्हणाल तर तसंही नाही. तिथं फ्लेक्सवर छापलेला कुठला तरी परदेशी धबधबा लागतोच, आणि त्याचंही बिल निघतं.

हे आपल्याकडे झालेलं नाही असंही नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, सगळे तिला टीआयएफआर म्हणतात. तिची इमारत उभी राहत होती तेव्हा होमी भाभांनी पंडित नेहरूंकडून इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी वापरायची परवानगी मिळवली. भाभा स्वतः चित्रं काढत, त्यामुळे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. 1962 मध्ये नेहरूंनी इमारतीचं उद्घाटन केलं. आत शिरल्यावरच्या मोठ्या भिंतीसाठी चित्रकारांची स्पर्धा घेतली होती. ती एम. एफ. हुसेन यांनी जिंकली आणि नऊ फूट उंच, पंचेचाळीस फूट लांब असं 'भारत भाग्य विधाता' तिथं लागलं. बाकी भिंतींसाठी ज्यांची चित्रं घेतली ते गायतोंडे, आरा, हेब्बर, बेंद्रे, तय्यब मेहता, लक्ष्मण पै... आज ही यादी वाचताना छाती दडपते. त्या वेळी यातले कितीतरी जण घरभाड्याची चिंता करणारे होते. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या गायतोंडेंचं एक चित्र 2025 मध्ये लिलावात 67 कोटींवर गेलं. हा आकडा सांगितला की लोक लगेच मान डोलावतात, म्हणून एरवी सांगायचाच टाळतो. सरकारनं चित्रात सट्टा खेळावा असं मला अजिबात म्हणायचं नाही. चित्रकार हातपाय मारत असतो त्या वयात त्याचं चित्र विकलं गेलं तर पुढच्या कॅनव्हासचे पैसे सुटतात. खरेदीचा खरा उपयोग तो. आणि गणित, भौतिकशास्त्राची माणसं रोज त्या चित्रांवरून ये-जा करतात, हा दुसरा.

आता स्थानिकांचीच का. मी कोल्हापूरचा, म्हणून इथलंच सांगतो. शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. शेजारच्या औंध संस्थानचे राजे, पंतप्रतिनिधी, यांनी तर आयुष्यभर चित्रं, शिल्पं जमवली आणि 1938 मध्ये त्यांच्यासाठी टेकडीवर संग्रहालय बांधलं. पुढं संस्थानं विलीन झाली. राजवाड्याच्या जागी कलेक्टर कचेरी आली, कर वसूल करायचं काम तिनं घेतलं, चित्र विकत घ्यायचं काम मात्र कोणाच्याच अंगावर आलं नाही. मुंबई-पुण्यात गॅलऱ्या तरी आहेत. जिल्ह्याच्या गावात चित्रकाराला गिऱ्हाईक म्हणजे एखादा डॉक्टर, एखादा बिल्डर आणि वास्तुशांतीची भेट शोधणारा पाहुणा. तिथं नवी प्रशासकीय इमारत हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होऊ शकतं. फ्रान्सनं 1951 मध्ये एक टक्क्याचा नियम सुरू केला तो शाळांच्या इमारतींपासून, म्हणजे शहाण्यांनी गावोगावी पोचायचं हे तेव्हाच ओळखलं होतं.

अडतं ते पद्धतीवर. एका कार्यालयानं माझं रंकाळा तलावाचं चित्र घ्यायचं ठरवलं. तिथले भाऊसाहेब भले माणूस, पण फाइल उघडून म्हणाले, "नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं लागतील. हेच चित्र आणखी दोघांकडून कितीला पडेल, तेवढं आणा." ते चेष्टा करत नव्हते. खुर्च्या खरेदीचा नियम त्यांनी चित्राला लावला होता, कारण त्यांच्याकडे दुसरा नियमच नव्हता. पुढं कसंबसं काम झालं. काही महिन्यांनी दाखल्यासाठी तिथं गेलो तर चित्र स्टीलच्या कपाटाशेजारी, वर ट्यूबलाइट, आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीवर समोरूनच पांढऱ्या ऑइलपेंटनं जडसंग्रहाचा, म्हणजे कचेरीतल्या सामानाच्या नोंदीचा, नंबर टाकलेला. माझ्या सहीपेक्षा तो मोठा होता. रजिस्टरात चित्र, टेबल आणि पंखा एकाच पानावर. उद्या निर्लेखन करायची, म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढून टाकायची, वेळ आली की तिघं एकाच टेम्पोतून भंगारात जाणार.

म्हणून कोणी अधिकारी मनापासून विचारतो तेव्हा मी एवढंच सांगतो: रक्कम आधी जाहीर करा आणि चित्रं नंतर मागवा, म्हणजे स्वस्त कोण हा प्रश्नच उरत नाही. निवड समितीत चित्रकार आणि कलाशिक्षक जास्त असू देत, पुढारी एखाद-दुसरा चालेल. वाद होतील. रिझर्व्ह बँकेच्या दिल्लीतल्या इमारतीसाठी शिल्पकार रामकिंकर बैज यांनी घडवलेल्या यक्षीच्या शिल्पावर, ती वस्त्रहीन म्हणून, थेट राज्यसभेत प्रश्न आला होता. यक्षी अजून उभी आहे. चित्रांची नोंदवही वेगळी ठेवा, ऊन आणि ओल लागणार नाही अशी भिंत द्या.

आणि 'तुम्ही चित्र भेट द्या, आमच्याकडे लागलं की तुमचंच नाव होईल' असं म्हणू नका. त्याच इमारतीच्या गवंड्याला, सुताराला असं कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. राहता राहिलं एक. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'निधी परत जातोय, तयार काय आहे?' म्हणून फोन येतो, तेव्हाही आम्ही चित्रं देतो. पण एप्रिलमध्ये विचारलंत तर त्या भिंतीच्या मापाचं, त्या उजेडाचं काढून देऊ.