विहिरीची मोटर होम असिस्टंटवर: तीन आठवड्यांनंतर

जुन्या क्लाउडवाल्या ॲपला अखेर रामराम ठोकला आणि होम असिस्टंटवर आलो. हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, घरातल्याच कॉम्प्युटरवर चालतं. घरातल्या दिव्यांचं काही अडत नव्हतं, दुखणं होतं आगरातल्या मोटरीचं. गुहागरात वाऱ्यापावसात केबल तुटली की नेट गेलंच, आणि नेट नसलं की ॲपवरचं चाक नुसतं फिरत बसायचं. शिवाय नियम एवढाच: अमुक वाजले की चालू. मला हवं होतं की टाकी निम्म्याखाली असेल आणि वीज येऊन पाच मिनिटं झाली असतील, तरच चालू.

आता रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसता 'पाय') सगळं घरातल्या घरात चालतं, तेही एसएसडीवरून. मेमरी कार्ड सततच्या लिहिण्याने एकदा गेलंय. झिग्बीला, म्हणजे सेन्सर आणि प्लग जोडणाऱ्या बिनतारी दुव्याला, चिऱ्याच्या भिंतींनी रडवलं. त्याचा डोंगल (पायला लावायचा रेडिओ) यूएसबी ३ च्या तोंडाशी न ठेवता एक्स्टेन्शन वायरीवर लांब नेला, पडवीत आणि माजघरात एकेक स्मार्ट प्लग लावला (प्लग सिग्नल पुढे ढकलतो, सेलवरचा सेन्सर नाही), मग जमलं.

खरी फजिती मोटरीने केली. ऑटोमेशन असं: मोटर चालू, ४० मिनिटं थांब, बंद. विसाव्या मिनिटाला वीज झपकन गेली नि आली. रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आधीच्याच स्थितीत, म्हणजे चालू. पाय मात्र नव्याने सुरू झाला, आणि होम असिस्टंट अर्धवट राहिलेलं थांबणं रीस्टार्टनंतर लक्षात ठेवत नाही. बंद करणारं कुणी उरलंच नाही. आई म्हणाली, "अरे, आगरात तळं झालंय, तुझा मोबाइल काय म्हणतो?"

मोबाइल काहीच म्हणत नव्हता.

म्हणून बंद करायचं काम पायकडून काढून रिलेकडेच दिलं. रिलेवरच्या टास्मोटा या सॉफ्टवेअरात पॉवरऑनस्टेट ०, म्हणजे वीज आली तरी मोटर बंदच. आणि पल्सटाइम, म्हणजे चालू झाल्यावर किती वेळाने आपोआप बंद व्हायचं ते, २५००. हा आकडा फसवा आहे: १११ पर्यंत सेकंदाचे दशांश, त्यापुढे १०० वजा करून सेकंद. म्हणजे २४०० सेकंद, ४० मिनिटं. पाय मेला तरी मोटर थांबते. रिले फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरीचा करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढतो, मोटरीचा करंट त्यातून जाऊ देऊ नका.

कोरडी चालण्यावरही उपाय सापडला. मोटरीच्या वायरीवर क्लॅम्पचं मीटर बसवलंय. पाणी चढत असताना माझी एक एचपीची मोटर ११०० वॅटच्या आसपास घेते, फूटवॉल्व (विहिरीतल्या पाइपच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा) गळून पाणी उतरलं की ६५० च्या खाली. ७०० च्या खाली २० सेकंद राहिली की बंद आणि फोनवर निरोप. परवा रात्री पहिल्यांदा खरा निरोप आला. सकाळी फूटवॉल्व काढून बघितला तर माडाच्या झावळीचं पातं अडकलेलं.

टाकीवरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारा) मात्र हरला. खाऱ्या हवेत त्याच्या तारा हिरव्या पडल्या. तूर्त साधा फ्लोट स्विच टाकलाय, जोडांना ग्रीस चोपडून.